उपासनेत मन रमत नाही? आधी या चुका तपासा

रविवारी चर्चमध्ये गीतं होतात, वाचन होतं, आशीर्वाद होतो, आणि चपला घालताना वाटतं, आज काही घडलंच नाही. मग बोट जातं पेटीवाल्याकडे, म्हणजे हार्मोनियम वाजवणाऱ्याकडे. मंडळीतला पेटीवाला मीच, म्हणून थोडं बोलतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सुरुवात आपल्यापासून करणं. डोळे मिटले की लगेच मुलाची परीक्षा, गुडघेदुखी, घराचे हप्ते. मागण्यात गैर काही नाही. पण प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेतही रोजची भाकर येते ती देवाचं नाव, राज्य आणि इच्छा यांच्यानंतर. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा सहावा अध्याय बघा. आधी उंच सिंहासन, मग ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ या घोषानं हादरणारे उंबरठे. त्यानंतर कुठे यशयाला स्वतःचे ओठ अशुद्ध असल्याचं कळतं, आणि ‘मला पाठव’ हे तर सगळ्यात शेवटी. उपासना हे आपलं उत्तर आहे. समोरून आलेली हाकच ऐकली नाही, तर ओ कशाला देणार?

यावर आमच्याकडे लागू पडलेला उपाय साधा आहे. पहिल्या गीताआधी बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र मोठ्यानं वाचायचं, ज्यात देव कसा आहे एवढंच असेल. १०३, १४५ किंवा १४७. यातलं १४७ माझं खास आवडीचं. तिसऱ्या वचनात तो भग्नहृदयी माणसांच्या जखमा बांधतो, आणि लगेच चौथ्यात ताऱ्यांची मोजदाद करतो, त्यांना नावं देतो. मध्ये एका ओळीचंही अंतर नाही. हिवाळ्यात गावाबाहेरच्या काळोखात देवयानी दीर्घिकेचा पुसट ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तो प्रकाश तिथून निघाला सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी. एवढा पसारा सांभाळणारा आपल्या जखमेला पट्टी बांधतोय, हे मनात शिरलं की गीत आपोआप उचललं जातं.

देवाला स्तुतीची गरज आहे, हा आणखी एक गैरसमज. ५०व्या स्तोत्रात तो स्पष्टच सांगतो, मला भूक लागली तरी तुला सांगणार नाही. दानपेटीत पाकीट टाकून हिशेब मिटत नाही.

मन लागत नाही म्हणून गप्प बसू नका. १०३व्या स्तोत्रात दावीद आपल्याच जिवाला स्तुती करायला सांगतो; तेराव्याची तर सुरुवातच ‘कुठवर’ अशी तक्रारीनं होते. रडत आलात तरी चालतं.

आता माझी स्वतःची चूक. एका नाताळात मी काळी चार ही उंच पट्टी धरली. अंतऱ्यात तार षड्ज (वरचा सा) लागला आणि मागच्या बाकावरचे काका एकेक करून थांबले. पुढच्या रविवारी काळी एकवर आलो, काकाही परत आले. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंग-भजनांच्या वळणाची ख्रिस्तगीतं दिली. ती सगळ्यांनी मिळून म्हणायची. कॉयरनं एकट्यानं सजवून गायली की बाकीचे नुसते प्रेक्षक. (स्पीकरचा आवाज वाढवून हे सुटत नाही, करून पाहिलंय.)

शेवटची चूक पेटीवर दुरुस्त होत नाही. आमोसच्या पाचव्या अध्यायात देव म्हणतो, तुमच्या गाण्यांचा गोंगाट दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. मत्तयाच्या पाचव्यात तर अर्पण वेदीपुढे तसंच ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलंय. भावकीत बांधावरून बोलणं बंद असेल, तर शनिवारीच फोन करा. मी गीतांची यादी हल्ली त्यानंतरच काढतो.