जुन्या मोटरसायकलच्या ऑईलमध्ये काय मिसळलंय? निदान करताना या चुका टाळा

ऑईल काळं दिसलं की बोल्ट सुटतो, जुनं ऑईल डब्यात पडतं, नवीन ओतलं जातं. बिघाड मात्र इंजिनातच राहतो. म्हणून कळकळीनं सांगतो, ऑईल सोडण्याआधी ते बघा, हुंगा, बोटांवर चोळा. नुसता काळेपणा हा बिघाड नव्हे. काजळी धरून ठेवणं हे ऑईलचं कामच आहे.

मी बोलतोय ते स्प्लेंडर, सीडी १०० अशा हवेवर थंड होणाऱ्या, कार्बोरेटरवाल्या जुन्या फोर-स्ट्रोक गाड्यांबद्दल. यांत इंजिन, क्लच आणि गिअर या तिघांना मिळून एकच ऑईल, साधारण लिटरभर. त्यात काही मिसळलं तर तिघांनाही भोगावं लागतं.

पातळी मोजतानाच पहिली चूक होते. गाडी साइड स्टँडवर तिरकी असते आणि माप चुकतं, किंवा ऑईल मोजायच्या दांडीचे आटे फिरवून मोजलं जातं आणि ऑईल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. गाडी मेन स्टँडवर घ्या, दांडी पुसा, नुसती टेकवा आणि काढा.

दुसरी चूक सगळ्यांत घातक. ‘ऑईल उतरलं नाही, उलट वाढलंय’ म्हणून लोक निर्धास्त होतात. अहो, ऑईल आपोआप वाढत नाही! बहुतेक वेळा ते पेट्रोल असतं. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी फ्लोटची पिन झिजली किंवा तिच्याखाली कचरा अडकला, आणि रात्री टाकीचा कॉक चालू राहिला, तर टाकीतलं पेट्रोल उतरतच राहतं. या इंजिनांचा सिलिंडर जवळजवळ आडवा आणि कार्बोरेटर त्याच्या वर, त्यामुळे पेट्रोलला पिस्टनच्या रिंगांमधून खाली जायला वाट सोपी. माझ्या गाडीचं हेच झालं होतं. मी ऑईल बदललं आणि आठ दिवसांत पुन्हा तोच वास. पिन बदलल्यावरच तो थांबला. ऑईल असं पातळ झालं की कॅम आणि बेअरिंगवर थर टिकत नाही. दांडीला पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरूच करू नका. कॉक बंद करा, पिन आणि तिची बैठक तपासा, कॉक खरंच बंद होतो का तेही बघा, मग ऑईल बदला. खात्री करायला काडी पेटवून बघणारे आहेत. कृपा करून तसं कधीही करू नका.

ऑईल दुधाळ दिसलं की ‘हेड गॅस्केट गेलं’, म्हणजे सिलिंडर आणि त्याच्या हेडमधली पट्टी फुटली, असं सांगणारेही भेटतात. कूलंट, म्हणजे थंड करणारं पाणी, असलेल्या इंजिनात ती शंका रास्त. पण या इंजिनात कूलंटच नाही, मग तो येणार कुठून? फक्त झाकणाखाली साय जमली असेल आणि दांडीवर ऑईल स्वच्छ असेल, तर ती बाष्पाची करामत. पावसाळ्यात रोज दोन किलोमीटरच गाडी चालली की इंजिन पुरतं तापत नाही आणि ओल आत साठते. एकदा वीस-पंचवीस किलोमीटर सलग फिरवून आणा. सगळंच ऑईल दुधाच्या चहासारखं झालं असेल तर मात्र पाणी शिरलंय. पुरात बुडालेल्या गाडीला ‘सुरू होते का बघू’ म्हणून किक मारू नका. प्लग काढा, सगळं ऑईल सोडा, नवीन भरा, आणि थोडं चालवून तेही बदला.

रॉकेलनं इंजिन धुणं ही जुनी सवय. रॉकेल कोपऱ्यांत उरतं आणि नवं ऑईल पातळ करतं. कारचं ऑईल ओतलं तर क्लच घसरू शकतो. डब्यावर जासो एमए (JASO MA) हे मोटरसायकलच्या ऑईलचं मानक बघून घ्या.

राहिला धातूचा चुरा. सोडलेलं ऑईल उन्हात पांढऱ्या भांड्यात धरा. बारीक करडा लगदा चालेल. नखाला टोचणाऱ्या कपच्या दिसल्या तर इंजिन उघडावं लागेल. चुंबक फिरवून काही चिकटलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका, कारण ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही. आणि क्लचचं कव्हर कधी उघडलंच, तर आतला फिरता फिल्टर आणि जाळी साफ केल्याशिवाय ते बंद करू देऊ नका. कित्येक वर्षांचा गाळ तिथेच बसलेला असतो.