उणे पंचवीसमधलं इंजिन ऑइल: पुण्याहून कॅनडात उडायला येणाऱ्यांसाठी

डिसेंबरात मी तीन आठवडे कर्वेनगरला आईकडे आले आहे. या आठवड्यात चार मुलं भेटून गेली, दोघांचे आईवडीलही सोबत होते. सगळे जानेवारीत कॅनडाला कमर्शियल पायलट लायसन्ससाठी निघालेत. जॅकेट इथून न्यायचं की तिथे घ्यायचं, पोळ्या मिळतात का, खोलीला भाडं किती, हे सगळ्यांनी विचारलं. जॅकेट तिथेच घ्या. पोळ्या मिळतात. भाडं गावावर आहे. इंजिनाबद्दल मात्र कुणी अक्षर काढलं नाही. विनिपेगजवळच्या ज्या धावपट्टीवर मी एकवीस वर्षं उडते आहे, तिथे दर हिवाळ्यात आपली मुलं एकच चूक करताना मी बघते. मीही ती केली होती आणि मला ती फार महागात पडली.

आईची खोबरेल तेलाची बाटली सकाळी गच्चीच्या कठड्यावर उन्हात ठेवलेली असते. पुण्यातल्या माणसाला तेल थिजणं म्हणजे एवढंच माहीत. इंजिन ऑइल तसं पांढरं गोठत नाही. ते आधी काकवीसारखं होतं आणि उणे २५ सेल्सियसला काकवीपेक्षाही घट्ट. पहिल्या थंड सकाळी डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, बाहेर काढून हातात धरा. टोकाशी थेंब जमतो, लोंबतो आणि पडतच नाही. तोच थेंब इंजिन सुरू झाल्यावर काही सेकंदांत बेअरिंगपर्यंत पोचायला हवा असतो. हे एकदा डोळ्यांनी बघितलंत की पुढचं सगळं समजायला सोपं जाईल.

आता माझी चूक. २००७ सालच्या फेब्रुवारीत आम्ही तिघांनी मिळून एक जुनं चेरोकी, म्हणजे पायपर कंपनीचं छोटं विमान, घेतलं होतं. सकाळी उणे २७ होतं आणि मला दहाच्या आत परत यायचं होतं. प्रोपेनच्या हीटरची नळी मी काउलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाच्या, पुढच्या तोंडात घातली आणि पंधरा मिनिटांत काढून घेतली. इंजिनाच्या सिलिंडरला हात लावला तर छान ऊब होती. इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं, मला आनंद झाला. ऑइल प्रेशरचा काटा मात्र जागचा हलेना. ‘थंडी आहे, येईल’ असं म्हणत मी बसून राहिले. मिनिट उलटून गेल्यावर तो एकदम उसळून हिरव्या, म्हणजे सुरक्षित, पट्टीच्या पार वर गेला. मी तशीच उडाले, आणि परत आले तेव्हा सगळं ठीकच वाटत होतं. पुढच्या ऑइल चेंजला मेकॅनिकने फिल्टर कापून घड्यांचा कागद पांढऱ्या फडक्यावर पसरला. घडीघडीत चमचम करणाऱ्या पापुद्र्या होत्या. बेअरिंगं खरवडली गेली होती. इंजिन उघडावं लागलं आणि माझ्या वाट्याला नऊ हजार डॉलर आले. ते पुण्यात फ्लॅट घेण्यासाठी साठवलेले पैसे होते.

झालं काय होतं? गरम हवा वर लागली, सिलिंडर तापले, म्हणून पेट्रोल पेटलं. तेल असतं खाली, संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीत. ते, ऑइल कूलर आणि नळ्या अजून उणे २७लाच होत्या. त्यात क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं कवच, अ‍ॅल्युमिनियमचा आणि क्रँकशाफ्ट, म्हणजे आत फिरणारा दांडा, पोलादाचा. थंडीत अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट आकसतं, त्यामुळे बेअरिंगमधली फट आधीच कमी झालेली असते आणि त्या फटीत तेलही पोचलेलं नसतं. अर्धवट प्रीहीट, म्हणजे सुरू करण्याआधी इंजिन अर्धवटच तापवणं, हे अजिबात प्रीहीट न करण्यापेक्षा वाईट. गार इंजिन निदान लागत तरी नाही. अर्धवट तापलेलं लागतं आणि आतून खरवडून निघतं.

लायकोमिंग या इंजिन बनवणाऱ्या कंपनीची सूचना अशी की बहुतेक इंजिनांना उणे १२ सेल्सियसच्या, म्हणजे १० फॅरनहाइटच्या खाली प्रीहीट हवं. त्यांच्या ७६ मालिकेच्या इंजिनांना तर २० फॅरनहाइटपासूनच, म्हणजे उणे ७च्या आसपास. मी शिकवते तिथे मुलांकडून एकच सवय करून घेते: काउलिंगखाली हात घालून उघड्या तळव्याने संप चाचपायचा. तो कोमट लागला पाहिजे. हीटर किती वेळ लावला होता हे मला सांगू नका, संप कसा लागला ते सांगा. गरम हवेचा हीटर असेल तर नळी खालून द्या, इंजिनावर जाड कव्हर टाका आणि तास लागला तर तास लागू द्या. विजेचा हीटर असेल तर आदल्या संध्याकाळीच प्लग लावून कव्हर घालून ठेवायचं. सकाळी आल्या आल्या वायर खरंच चालू आहे का बघा. एक्स्टेन्शन बोर्डाचा फ्यूज रात्री उडालेला मी कितीतरी वेळा पाहिला आहे.

इथे आपल्या मुलांबद्दल स्पष्ट बोलते. बऱ्याच ठिकाणी प्रीहीटचे पैसे वेगळे लागतात. बापाने घर गहाण ठेवून कर्ज काढलेलं असतं, मुलगा तासातासाचा हिशोब करत असतो, आणि नेमका इथे तो हात आखडतो. दुसरं म्हणजे विचारायला लाजतो, इन्स्ट्रक्टरला आपण घाबरट वाटू म्हणून. कॅनडातली माणसं सभ्य आहेत, अंगावर ओरडत नाहीत. ‘इट्स युअर कॉल’ म्हणतात आणि गप्प बसतात. आपल्याला वाटतं परवानगी मिळाली. माझ्या अनुभवात त्याचा अर्थ दहातून नऊ वेळा ‘मी असतो तर गेलो नसतो’ असा असतो. आणि तिथे पंचवीस-तीस वर्षं राहिलेले आपलेच काका तुम्हाला मंडळाच्या संक्रांतीला भेटतील आणि थंडीची सवय होते म्हणतील. शरीराला होत असेल, इंजिनाला होत नाही.

सुरू केल्यावर नजर ऑइल प्रेशरवर. विमानं बनवणाऱ्या सेसनाच्या पुस्तकात उन्हाळ्यात ३० सेकंद आणि कडक थंडीत साधारण त्याच्या दुप्पट वेळ दिलेला आहे. तेवढ्यात काटा उठला नाही तर इंजिन बंद. तोंडाने सेकंद मोजा. तुम्ही बहुधा ज्यावर शिकाल त्या सेसना १७२एसवर हिरवी पट्टी ५० ते ९० पीएसआय आहे, खालची लाल रेघ २०, वरची ११५. थंड सकाळी काटा ९०च्या वर जातो आणि मुलं खूश होतात, प्रेशर भरपूर आहे म्हणून. पिचकारीत काकवी भरून दाबून बघा. हाताला जोर खूप लागतो आणि पुढे येतं थोडंसंच. प्रेशर दिसतं, तेल वाहत नसतं. शिवाय इतकं घट्ट तेल फिल्टरमधून जात नाही, फिल्टरला वगळणारी वाट, म्हणजे बायपास, उघडतो आणि न गाळलेलं तेल फिरत राहतं. म्हणून १००० आरपीएमच्या आसपास शांत बसा, काटा पट्टीत येईपर्यंत थ्रॉटलला, म्हणजे पॉवरच्या दांड्याला, हात लावू नका.

ऑइल टेम्परेचरचा काटा कडाक्यात टेकऑफपूर्वी हलेलच असं नाही. सेसना म्हणते दोन ते पाच मिनिटं १००० आरपीएमला गरम करा, मग थ्रॉटल काही वेळा पुढेमागे करून बघा. इंजिन न अडखळता चढलं आणि प्रेशर स्थिर राहिलं तर निघा. मी पाचाच्या खाली कधीच जात नाही.

वर गेल्यावर उलटा प्रश्न येतो, तेल तापतच नाही. त्याच १७२एसवर तेलाच्या तापमानाची हिरवी पट्टी १०० ते २४५ फॅरनहाइट. १४०ला काटा उभा असला की सगळं हिरवं दिसतं, पण इंधन जळून झालेलं पाणी तेलात मिसळत राहतं आणि ते उडून जायला साधारण १८० लागतं. फिलर कॅप उघडल्यावर आत लोण्यासारखा पांढरट थर दिसला तर ते हेच. पुढे त्याचंच आम्ल होतं आणि कॅमशाफ्ट गंजतो. म्हणून ‘आज उडता येत नाही तर निदान इंजिन दहा मिनिटं चालवून ठेवू’ हे करू नका. जमिनीवर पाणी वाढतं, उडून जात नाही.

यासाठी हिवाळी किट असतं. पायपरमध्ये ऑइल कूलरवर पत्रा लावतात, बाहेर १० सेल्सियस किंवा कमी असेल तर. सेसनाचं किट उणे ७च्या खाली. लावणं सगळ्यांना आठवतं, काढणं नाही. कॅल्गरीला जाणाऱ्यांनी जास्त जपा. तिथे शिनूक हा गरम वारा सुटला की एका दिवसात वीस अंशांचा फरक पडतो आणि पत्रा तसाच राहिला तर काटा लाल रेघेकडे सरकतो.

ब्रीदरची, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी, नळी रोज बघा. क्रँककेसमधली वाफ तिच्या तोंडाशी गोठून बर्फाचं बूच बसतं, आत दाब वाढतो आणि पुढचं सील बाहेर फेकलं जातं. मग तेल काचेवर. नळीला काउलिंगच्या आत, उबेत, एक छोटं भोक ठेवलेलं असतं. ते कुठे आहे हे मेकॅनिककडून पहिल्या आठवड्यातच बघून घ्या.

हवेत प्रेशर पडताना टेम्परेचर चढत असेल तर मीटरवर शंका घेत बसू नका. पॉवर कमी करा आणि उतरायला शेत शोधा. बर्फाखाली कुंपण दिसत नाही, हेही लक्षात असू द्या. फक्त प्रेशर पडलं आणि टेम्परेचर जागेवर असेल तर जवळच्या धावपट्टीवर उतरा.

तेलाचा ग्रेड शाळा ठरवते, पण लॉगमध्ये कोणतं भरलंय ते वाचा. १०० नंबरचं सिंगल ग्रेड पुण्याच्या मे महिन्याला ठीक, तिथल्या जानेवारीला नाही. प्रॉपेलर हाताने फिरवून तेल मोकळं करणं शिकाऊ मुलांनी अजिबात करायचं नाही. केबिनमधली ऊब एग्झॉस्टवरून येते, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर स्वतःचा घ्या आणि शाळेच्या विमानातल्या रंग बदलणाऱ्या ठिपक्याच्या कार्डावर विसंबू नका.

आणि पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी डिस्पॅचला, म्हणजे शाळेत विमानं वाटून देणाऱ्या ऑफिसात, जाऊन विचारा की विमानाचा प्लग संध्याकाळी कोण लावतं आणि किती वाजेपर्यंत सांगावं लागतं. ती वेळ फोनमध्ये अलार्म म्हणून घाला. आमच्याकडे पाच वाजता ऑफिस बंद होतं. पाच वाजून दहा मिनिटांनी फोन केला तर सकाळी विमान गार मिळतं.