ध्वनिशोषणाचं संशोधन: नळीपासून पेटंटपर्यंत या चुका टाळा

दरवर्षी सबमिशनच्या तोंडावर माझ्या टेबलावर तोच आलेख येऊन पडतो. आडव्या अक्षावर वारंवारता, उभ्या अक्षावर ध्वनिशोषण गुणांक (आपटलेल्या ध्वनीपैकी किती भाग शोषला गेला तो आकडा), मध्ये एक उंच टेकडी आणि टेकडीच्या माथ्यावर लाल बाण. नारळाचा काथ्या, उसाचं चिपाड, भाताची तुसं, केळीचं खोड, पदार्थ तेवढा बदलतो. टेकडी तीच. खाली ओळ ठरलेली: ‘कमी खर्चाचा, पर्यावरणपूरक, नावीन्यपूर्ण ध्वनिशोषक’. आणि माझा चहा संपायच्या आत प्रश्न येतो, “सर, पेटंट टाकायचं का?”

मोजमापाची लॅब सांभाळण्यात माझी बरीच वर्षं गेली. मुलं हुशार असतात, मेहनतीही असतात. पण आलेख आला की पदार्थ सापडला, पेटंट टाकलं की नवोन्मेष झाला, अशी घाई असते. दोन्हीकडे चूक एकाच जातीची. जे मोजलंय ते आणि जे हवंय ते एकच आहे, असं आधीच धरून चाललेलं असतं.

नमुना सैल बसवणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळे हिच्यावर जरा जास्त बोलणार.

हा गुणांक मोजायची नळी म्हणजे इम्पीडन्स ट्यूब. तिच्या एका टोकाला स्पीकर, दुसऱ्या टोकाला नमुना आणि त्याच्यामागे जाड धातूचा पिस्टन. स्पीकरकडून जाणारी लहर आणि नमुन्यावर आपटून परत येणारी लहर मिसळून नळीत स्थिर लहर उभी राहते. नळीच्या भिंतीत बसवलेले दोन मायक्रोफोन तिच्यावरून किती ध्वनी परत आला ते काढतात. जो परत आला नाही तो नमुन्यानं शोषला, असं सॉफ्टवेअर धरून चालतं. मेख इथेच आहे. तो नक्की कुठे गेला, हे सॉफ्टवेअरला कळायला काहीच मार्ग नाही.

काही वर्षांपूर्वी पीएचडीचा एक मुलगा आला. साखर कारखान्यातून बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, आणून, गरम प्रेसखाली दाबून त्यानं २५ मिलिमीटर जाडीच्या पाट्या केल्या होत्या. पाट्या देखण्या होत्या, हातात घेतल्या तर थेट फर्निचरच्या वाटाव्यात अशा घट्ट. आलेखात ३२० हर्ट्झच्या आसपास गुणांक ०.८५. गाईड खूश, मुलगा खूश, पोस्टरसुद्धा छापून झालेलं.

माझं डोकं त्या ३२० पाशीच अडकलं. ३२० हर्ट्झची लहर एक मीटरपेक्षा लांब असते, तिचा पाव भाग झाला साधारण २७ सेंटीमीटर. तंतुमय पदार्थ ध्वनी खातो तो हवेचे कण त्याच्या तंतूंतून घासत जातात म्हणून. कडक भिंतीला टेकून मात्र कण हलूच शकत नाहीत. त्यांचा वेग सर्वाधिक असतो भिंतीपासून पाव लहर अंतरावर. म्हणजे २७ सेंटीमीटरवर जे घडायचं ते हा पठ्ठ्या भिंतीलगतच्या अडीच सेंटीमीटरमध्ये घडवत होता. तेही इतकी घट्ट पाटी, की फुंकर मारली तर हवा पलीकडे जायची नाही.

म्हटलं, “अरे, ती चकती काढ बघू बाहेर.”

व्हर्नियर लावला. नळीचा आतला व्यास १०० मिलिमीटर, चकतीचा ९८. “जरा सैल बसते सर, पण पडत नाही.” पिस्टनची पट्टी पाहिली, तर तो नमुन्याच्या ४० मिलिमीटर मागे उभा. आधी ज्यानं ट्यूब वापरली त्यानं जिथे सोडला होता तिथेच.

मी वाद घातला नाही. सुताराकडून २५ मिलिमीटरच्या प्लायची ९८ व्यासाची चकती कापून आणली, दोन्ही अंगांना वॉर्निश मारलं आणि दुसऱ्या दिवशी अगदी तशीच, ४० मिलिमीटर मागे जागा ठेवून, नळीत बसवली. वॉर्निश मारलेलं लाकूड ध्वनी काय डोंबल शोषणार? पण टेकडी आली. जवळपास त्याच जागी, जवळपास तेवढीच उंच.

झालं होतं असं: चकतीभोवती एक मिलिमीटरची फट म्हणजे नळीच्या तोंडाचं जवळजवळ ४ टक्के क्षेत्रफळ. फटीतली हवा झाली वजन, मागची ४० मिलिमीटर हवा झाली स्प्रिंग. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ती ज्या कारणानं घुमते, तोच हेल्महोल्ट्झचा अनुनादक. ही मापं सूत्रात घालून बघा, उत्तर ३०० ते ३५० च्या मध्येच येतं. ध्वनी फट खात होती. बगॅसची पाटी नुसती मध्ये उभी होती.

नीट कापलेली चकती, कडेला व्हॅसलिन आणि पिस्टन पाठीला टेकवून पुन्हा मोजलं, तेव्हा गुणांक ०.२ च्या वर गेला नाही. मुलगा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग म्हणाला, “सर, मग फटीचंच पेटंट टाकलं तर?” मला तो त्या क्षणी फार आवडला. पण फटीचा मान हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकातच नेलाय, आणि बारीक छिद्रांच्या पत्र्यानं ध्वनी कसा शोषायचा याचं गणित चीनच्या मा दायोउ यांनी १९७५ मध्ये मांडून ठेवलंय. जुन्या नाट्यगृहांच्या भिंतींवर भोकं पाडलेल्या प्लायच्या फळ्या असतात त्या काही शोभेसाठी नसतात.

माझी सवय सांगतो, पद्धत म्हणा की खोड म्हणा. कोणताही नमुना घालायच्या आधी रिकामी नळी मोजायची. आलेख तळाशी सपाट आला नाही तर त्या दिवशी काम बंद, आधी नळी दुरुस्त. मग नमुना, तोही एका पाटीच्या तीन वेगवेगळ्या जागांहून कापलेला. प्रत्येक वेळी काढायचा, थोडा फिरवायचा, परत घालायचा. पिस्टनचा आकडा वहीत, पेनानं. आणि ती प्लायची चकती माझ्या कपाटात अजून आहे. ज्याचा आलेख फार छान येतो त्याला मी ती देतो.

फटीला घाबरून १०१ ची चकती हातोडीनं ठोकून बसवणारेही आहेत. मग नमुना कडेनं आवळला जातो, त्याचा सांगाडाच ताठर होतो आणि आलेखात नवीच गंमत दिसायला लागते. पॉलिश पेपर नावाची वस्तू बाजारात मिळते.

ज्यांवर फार बोलायची गरज नाही

ध्वनीचा वेग ३४३ मीटर प्रति सेकंद लिहून मोकळं होणं. तो २० अंशांचा आहे. मे महिन्यात एसी बंद पडलेल्या लॅबमध्ये ३८ अंश असतात, तेव्हा वेग ३५४ होतो. तीन टक्क्यांची चूक फुकटात. वॉलेस सॅबाइन या भौतिकशास्त्रज्ञानं १८९५ मध्ये हार्वर्डच्या व्याख्यान-सभागृहाचं काम हाती घेतलं, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपल्या अंगावरच्या कपड्यांनीही निनादाचा काळ, म्हणजे आवाज विरायला लागणारा वेळ, बदलतो. त्यानं आधीची निरीक्षणं टाकून दिली आणि पुढे ठरावीक कपड्यांतच मोजमाप केलं. तुम्हाला निदान थर्मामीटर तरी बघायला हरकत नाही.

१०० मिलिमीटरच्या नळीत ६००० हर्ट्झपर्यंत आलेख काढणं. साधारण २००० च्या पुढे त्या नळीत लहर सपाट राहतच नाही, आडव्या लहरी सुरू होतात. वरच्या वारंवारतांसाठी बारीक नळी असते. ती कपाटात आहे, फक्त मागावी लागते.

डेसिबलची सरासरी काढणं. ६० आणि ८० ची सरासरी ७० नाही, ७७ आहे. आधी ऊर्जा काढा, तिची सरासरी घ्या, मग लॉग. हे एमएस्सीच्या मुलाला सांगावं लागू नये, पण व्हायवात दर वर्षी सांगतो.

निनादकक्षात (आवाज खूप वेळ घुमत राहतो अशा, कडक भिंतींच्या खोलीत) गुणांक १.०८ आला म्हणून एक्सेलमध्ये गुपचूप १ करणं. नमुन्याच्या कडांमुळे तो एकाच्या वर जाऊ शकतो. आला तसा लिहा. लपवलेला आकडा परीक्षकाला लगेच दिसतो, कारण वारंवारतेच्या तीन पट्ट्यांत लागोपाठ बरोब्बर १.०० निसर्ग देत नाही.

शोषण आणि रोधन यांची गल्लत. अंड्यांचे ट्रे भिंतीवर चिकटवून शेजारच्यांचं ड्रिल थांबत नाही. आवाज अडवायला वजन लागतं. भिंतीचं वजन दुप्पट करा, तेव्हा कुठे साधारण ६ डेसिबल मिळतात.

तबल्याला आदर्श पडद्याचं सूत्र लावणं. त्या सूत्रानं दुसरा स्वर मूळ स्वराच्या १.५९ पट, तिसरा २.१४ पट येतो. अशा वाद्यातून सूर निघेल का? शाईमुळे पुडी मध्यभागी जड होते आणि हे स्वर जवळजवळ पूर्णांकी पटींत येऊन बसतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० च्या सुमाराला हे दाखवून दिलं. एका मुलीनं आदर्श सूत्र लावून ‘प्रयोगात चूक आढळली’ असा निष्कर्ष काढला होता. प्रयोग बरोबर होता, बाई.

पेटंट मोजून नवोन्मेष मोजला म्हणणं

हल्ली थिसिसच्या शेवटी नवोन्मेषाच्या अर्थशास्त्राचं एक प्रकरण जोडायची टूम निघाली आहे. कल्पना वाईट नाही. पण मोजणी तीच नळीतली.

असंच एक प्रकरण वाचायला आलं. ध्वनिशोषक पदार्थांच्या पेटंट अर्जांची वर्षवार संख्या, रेघ वर वर जाते आणि शेवटच्या दोन वर्षांत धाडकन खाली. त्यावर दोन पानं भाष्य: मागणी घटली, उद्योगाचा रस कमी झाला, सरकारनं अनुदान द्यावं. मी फोन करून विचारलं, अर्ज प्रसिद्ध कधी होतो? तर साधारणपणे दाखल केल्यापासून १८ महिन्यांनी. शेवटच्या दोन वर्षांचे बरेच अर्ज अजून झाकलेले असणारच. ती दोन पानं चक्क उडवावी लागली.

मंजुरीचं वर्ष घेतलं तर आणखी मजा. मग तुम्ही पेटंट ऑफिसातल्या फाइलींचा वेग मोजता. दाखल केल्याची तारीख घ्या आणि शेवटची दोन वर्षं आलेखातून काढून टाका. नव्या पेटंटांचे नंतरच्या पेटंटांत उल्लेख कमी दिसतात त्याचंही कारण हेच, त्यांना अजून वेळच मिळालेला नाही. अर्थशास्त्रज्ञ झ्वी ग्रिलिचेस यांनी १९९० मध्ये पेटंटच्या आकडेवारीवर सविस्तर लिहिताना बजावून ठेवलंय की सगळे शोध पेटंट होत नाहीत आणि पेटंटांच्या मोलात जमीन-अस्मानाचा फरक असतो. बहुतेक कवडीमोल, मूठभर सोन्याची. म्हणून सरासरीला अर्थ नाही. इथेही डेसिबलचीच गत. मी पहिल्यांदा बघतो, मालक नूतनीकरणाची फी भरतोय का. ज्याला स्वतःलाच दरवर्षी पैसे भरावेसे वाटत नाहीत, त्या पेटंटवर आपण थिसिस कशाला लिहायचा?

पेटंट आणि बाजार यांच्यात किती अंतर असतं, ते ध्वनीच्या क्षेत्रातच बघा. स्टॅनफर्डमध्ये जॉन चाऊनिंग यांना १९६७ मध्ये सापडलं की एका लहरीची वारंवारता दुसऱ्या लहरीनं भराभर हलवली तर घंटेपासून पितळी वाद्यापर्यंतचे स्वर निघतात. अमेरिकेतल्या ऑर्गन बनवणाऱ्यांना त्यात दम वाटला नाही. यामाहानं मात्र परवाना घेतला. पेटंट मिळालं १९७७ मध्ये. आधी काही महागडी वाद्यं निघाली, आणि सर्वसाधारण वादकाला परवडेल असा डीएक्स-७ सिंथेसायझर आला १९८३ मध्ये. शोधापासून सोळा वर्षं! मधल्या काळात स्वस्त चिप यावी लागली, यामाहाच्या इंजिनिअरांना ती पद्धत यंत्रात बसवावी लागली. विद्यापीठाला पुढे दोन कोटी डॉलरांहून जास्त मिळाले. याच विद्यापीठानं मध्यंतरी चाऊनिंग यांना कायम नोकरी नाकारली होती. तुमच्या आलेखात हे सगळं १९७७ च्या खांबात ‘एक’ म्हणून दिसेल, शेजारच्या निरुपयोगी ‘एक’इतकंच उंच.

आधी दाखवणं, मग अर्ज

बगॅसवाल्याच्या पोस्टरचा उल्लेख वर आला. पुढे त्यानं खरंच चांगलं काम केलं. पाट्या सैल दाबल्या, जाडी वाढवली, मागे मोजून-मापून हवेची जागा ठेवली. या खेपेला आकडे खरे होते. आणि त्यानं काय करावं? एका प्रकल्प-स्पर्धेत सगळा थर-आराखडा मापांसकट मांडला, मित्रानं व्हिडिओ काढून टाकला. अर्जाचा विषय निघाला पाच महिन्यांनी.

अर्जाआधीच जगजाहीर झालेली गोष्ट पेटंटसाठी नवी धरली जात नाही. आपल्या पेटंट कायद्यात कलम ३१ ची सवलत आहे, पण ती अरुंद आहे: विद्वत्सभेत वाचलेला किंवा तिच्या नियतकालिकात छापलेला निबंध, सरकारनं अधिसूचित केलेलं प्रदर्शन, अशा थोड्या प्रसंगांपुरती, तीही १२ महिन्यांची. कॉलेजची स्पर्धा आणि मित्राचा व्हिडिओ त्यात बसवून दाखवा. युरोपात तर एवढीही सूट जवळपास नाहीच. तात्पुरता अर्ज आधी टाकून ठेवायचा, पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. तो अर्ज एका रविवारी लिहून होतो. मी आता माझ्या मुलांना अर्जाची पावती दाखवल्याशिवाय पोस्टर छापू देत नाही, आणि पावतीबरोबर वहीचं पान मागतो: तारीख, तापमान, नमुन्याचा व्यास, पिस्टनचा आकडा.