हृदयाच्या पेशी आणि ताण: या संशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी

आमच्या लॅबमध्ये पीएचडीला येणारी मुलं लवकरच विचारतात, 'ताण (म्हणजे रक्त-ऑक्सिजन तुटणं, प्रथिनं बिघडणं असा पेशीवरचा ताण) हृदयाच्या पेशीला मारतो की वाचवतो?' मी उलट विचारते, ताण किती वेळ दिलास?

१९८६ चा मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांचा शोधनिबंध सर्वांत आधी वाचा. त्यांनी कुत्र्यांच्या हृदयाची एक रक्तवाहिनी पाच-पाच मिनिटं चार वेळा बंद केली, नंतर सलग ४० मिनिटं. आधी असा थोडा त्रास सोसलेल्या हृदयात मेलेला भाग इतरांच्या जेमतेम पाव भरला. पण वाहिनी तीन तास बंद राहिली तेव्हा हा फायदा उरला नाही. मला हा दुसरा निकाल पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो.

पेशीच्या आतही हेच चालतं. प्रथिनांच्या घड्या बिघडू लागल्या की पर्क, आयआरई१ आणि एटीएफ६ ही धोका ओळखणारी तीन प्रथिनं जागी होतात, नवं उत्पादन मंदावतं, दुरुस्ती करणारी प्रथिनं वाढतात. ताण हटलाच नाही, तर हीच यंत्रणा चॉप नावाच्या प्रथिनामार्फत पेशीला मरणाकडे नेते. हृदयात हे फार महागात पडतं, कारण पंचविशीतसुद्धा वर्षाला सुमारे एक टक्काच स्नायूपेशी नव्या तयार होतात.

म्हणून नमुने एकाच वेळेचे घेऊ नका. ऑक्सिजन परत मिळाल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांतच मायटोकॉन्ड्रियाची (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांची) छिद्रं उघडतात आणि पेशी मरणाकडे ढकलली जाते. २४ तासांनी पाहिलंत तर फक्त परिणाम हाती लागतो.

एलसी३ बद्दल मी सगळ्यांच्या मागे लागते. पेशी स्वतःचेच खराब भाग पचवते त्याला ऑटोफॅजी म्हणतात, आणि हे प्रथिन तिची खूण मानलं जातं. ब्लॉटवर (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत) त्याच्या एलसी३-२ या रूपाचा पट्टा गडद झाला, की 'ऑटोफॅजी वाढली' असं लिहायचा मोह होतो. पण पुढची विल्हेवाट तुंबली तरी पट्टा गडदच होतो. ही विल्हेवाट अडवणारं बॅफिलोमायसिन घालून आणि न घालून, दोन्ही नमुने शेजारी-शेजारी चालवा. एमटीटीवरूनही मृत्यू ठरवू नका, ती चाचणी पेशीची चयापचय क्रिया मोजते; फुटलेल्या पेशीतून बाहेर गळणारं एलडीएच हे एन्झाइम मोजा.

सुरुवातीला पुण्याच्या एनसीसीएसमधून (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून) एच९सी२ या हृदयापासून तयार केलेल्या पेशी मागवता येतात. वाढवायला सोप्या, पण त्या उंदराच्या भ्रूणाच्या आणि त्या धडधडत नाहीत. त्यांच्यात जे दिसलं ते नवजात उंदरांच्या स्नायूपेशींत किंवा लँगेनडॉर्फ पद्धतीने (शरीराबाहेर काढून, महाधमनीतून द्रव सोडून) जिवंत ठेवलेल्या हृदयात पुन्हा तपासा. प्राण्यांसाठीच्या एथिक्स कमिटीची परवानगी वेळ खाते, लॅबमध्ये आल्याआल्याच अर्ज टाका.

त्या अर्जात फक्त तरुण, निरोगी नर उंदीर लिहू नका. २०१९ मध्ये ५,४०१ रुग्णांच्या चाचणीत, हृदयविकाराच्या झटक्यानंतर अँजिओप्लास्टीपूर्वी दंडावरचा पट्टा आवळून-सोडून, म्हणजे असाच थोडा त्रास हाताला देऊन, हृदय वाचतं का, हे पाहिलं. फायदा झाला नाही. आपल्याकडे झटका येऊन दाखल होणाऱ्या कितीतरी जणांना आधीपासून मधुमेह असतो, आणि प्राण्यांवरच्या बऱ्याच प्रयोगांत मधुमेहाने थोड्या त्रासातून मिळणारं हे संरक्षण कमी झालेलं दिसतं. वयस्कर आणि मधुमेही उंदीर, माद्यासुद्धा, पहिल्याच अर्जात मागा. नंतर वाढीव परवानगी घेत बसलात तर वर्ष तिथेच जातं.