जिवाणूरोधक कोटिंग तपासताना या चुका टाळा

पलंगाचे कठडे, सलाईनचे स्टँड, दारांच्या मुठी यांवर जंतू टिकू नयेत म्हणून चांदीचं, तांब्याचं कोटिंग करू पाहणारी मुलं माझ्याकडे निकाल दाखवायला येतात. बहुतेक वेळा त्याच त्या चुका असतात.

सगळ्यात घातक चूक म्हणजे न्यूट्रलायझर, म्हणजे सुटलेली चांदी बांधून निष्प्रभ करणारं द्रव्य, न वापरणं. एम.एस्सी.चा एक विद्यार्थी चांदीचे नॅनोकण बसवलेली स्टीलची पट्टी घेऊन आला. प्लेटवर एकही कॉलनी (वाढलेल्या जंतूंचा ठिपका) नाही, पेटंटचा मसुदाही तयार. पट्टीवरचे जंतू त्याने साध्या बफरने धुऊन घेतले होते आणि ते धुवण तसंच अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीवर, पसरलं होतं. म्हणजे सुटलेली चांदीही जंतूंबरोबर प्लेटवर गेली आणि इन्क्युबेटरमध्ये रात्रभर त्यांना वाढू देईना. मग जंतू पट्टीवर मेले की प्लेटवर अडले, हे कळणार कसं? धुण्याच्या द्रावात थायोग्लायकोलेट आणि थायोसल्फेट घालून चाचणी पुन्हा करायला लावली. चांदी बांधली गेली, आणि कॉलन्या इतक्या दाट उगवल्या की धुवण पातळ केल्याशिवाय मोजता येईनात.

म्हणून माझ्याकडे खरी चाचणी सुरू होण्याआधी एक काम होतंच. जंतू न लावलेली पट्टी न्यूट्रलायझरमध्ये धुवायची आणि त्या धुवणात शंभरेक जंतू सोडायचे. तेवढेच नुसत्या न्यूट्रलायझरमध्ये आणि तेवढेच साध्या बफरमध्ये. तिन्हीकडे कॉलन्या सारख्या आल्या तरच पुढे जायचं. नुसत्या न्यूट्रलायझरमध्येच त्या कमी आल्या तर तोच जंतूंना मारतोय. थायोग्लायकोलेट काही जंतूंना सोसत नाही. यात एक दिवस जातो म्हणून कुरकुरणाऱ्यांना मी परत पाठवते.

पट्टीभोवती जंतू न वाढल्याने अगारवर उमटलेल्या वर्तुळाचे फोटो काढून खूश होऊ नका. मोठं वर्तुळ म्हणजे चांदी भराभर सुटतेय, कोटिंग लवकर संपणार. उलट पृष्ठभागाला घट्ट बांधलेलं क्वाटर्नरी अमोनियम हे जंतुनाशक वर्तुळ न देताही काम करू शकतं.

कोटिंग नसलेली तीच पट्टी कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, हवीच.

दुसरी मोठी चूक म्हणजे आयएसओ २२१९६ ही जिवाणूरोधक पृष्ठभागांची प्रमाणित चाचणी पास झाली की काम फत्ते मानणं. त्या चाचणीत जंतूंचा थेंब पातळ फिल्मखाली, ३५ अंशांवर, ९० टक्क्यांहून जास्त आर्द्रतेत २४ तास ओलाच राहतो. एसी असलेल्या आयसीयूत कठड्यावर पडलेला थेंब थोड्याच वेळात वाळतो. चांदीचे आयन सुटायला ओल लागते. तांबं कोरड्यातही जंतू मारतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८ मध्ये तांब्याच्या मिश्रधातूंची नोंदणी केली, ती दोन तासांत ९९.९ टक्के जंतू मरतात या दाव्यावर. तेव्हा थेंब वाळू द्या आणि दोन तासांनी मोजा. त्याआधी वॉर्डातल्याच हायपोक्लोराइटने आणि त्याच फडक्याने पट्टी वारंवार पुसून घ्या. नव्याकोऱ्या पट्टीचा आकडा मी वाचतही नाही.

टक्क्यांवर भाळू नका, लॉगमध्ये, म्हणजे जंतू किती वेळा दहापट घटले त्यात, लिहा. दहा लाख जंतूंमधले ९९.९ टक्के मेले तरी हजार उरतात.

आणि एकट्या ई. कोलायवर थांबू नका. आपल्या आयसीयूंमध्ये क्लेब्सिएला आणि कोरड्या पृष्ठभागावर आठवडेच्या आठवडे तग धरणारा अ‍ॅसिनेटोबॅक्टर असतो. बॉस्टनच्या एका रुग्णालयात, भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात, चांदीला न जुमानणारा साल्मोनेला सापडल्याची नोंद १९७५ सालची आहे. रुग्णालयाच्या मायक्रोबायोलॉजी विभागाशी बोलून, रीतसर परवानगी घेऊन, तिथलेच स्ट्रेन (जंतूंचे वाण) मिळवा आणि त्यांच्यावर तपासा.