नळी घेण्याआधी गोळ्या मोजा

पुण्याच्या बालेवाडी रेंजवर .२२ च्या छोट्या रायफलवर हात बसलेल्या माणसाला बॅरल, म्हणजे नळी, झिजते हे पटवणं अवघड. मलाही पटलं नव्हतं. .२२ ची नळी वर्षानुवर्षं हजारो गोळ्या मुकाट पचवते, तिचा हिशेब कोण ठेवतो? टेक्सासला आल्यावर हजार यार्डांवरच्या नेमबाजीच्या नादी लागलो, .२४३ काडतुसाची रायफल घेतली आणि दुसऱ्याच सीझनला तोंडघशी पडलो. तुम्ही इकडे पहिली रायफल घेणार असाल, तर तयारी या क्रमाने करा.

आधी वही काढा आणि वर्षभरात किती गोळ्या झाडणार ते खरं खरं लिहा. दोन दिवसांच्या एका मॅचला सुमारे २०० जातात. अशा सहा मॅच धरा, वर तेवढाच सराव, की आकडा अडीच हजारांशी येतो. वर्षाला चाळीस गोळ्या उडवणाऱ्या शिकाऱ्याची नळी नातवालाही पुरेल. त्याने हवं ते मॅग्नम, म्हणजे जास्त पावडरचं जोरदार काडतूस, घ्यावं.

मग काडतूस. .३०८ विंचेस्टर १९५२ चं. त्याच्याच केसची (पितळी कवचाची) मान आवळून १९५५ मध्ये .२४३ आलं. कळशी तीच, तोंड तेवढं चिंचोळं. जवळजवळ तेवढीच पावडर लहान भोकातून जायची, तर वेग वाढणार आणि नळीचे हालही वाढणार. पावडरचा वायू पोलाद वितळण्याच्या तापमानापेक्षा गरम असतो. नळी टिकते ती केवळ हे सगळं मिलिसेकंदाच्या आसपास उरकतं म्हणून. अडीच हजार गोळ्यांचा नळीतला एकूण वेळ तीन-साडेतीन सेकंद भरतो, आणि तेवढ्यात बिचारी म्हातारी होते. मार बसतो तो चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) पुढे, रायफलिंग, म्हणजे नळीतल्या पिळदार खाचा, सुरू होतं तिथे. त्याला थ्रोट म्हणतात ते योग्यच, कारण आधी घसाच बसतो.

मॅचच्या अचूकतेपुरतं नळीचं आयुष्य, ढोबळ आकड्यांत, असं: .३०८ तीन ते पाच हजार गोळ्या, ६.५ क्रीडमूर दोन ते तीन हजार, .२४३ दीड हजाराच्या आत-बाहेर, ६.५-२८४ नॉर्मा हजाराच्या आसपास. भराभर झाडलंत तर यातूनही वजाबाकी.

या आकड्यांपुढे वारा मांडा. ताशी १६ किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात हजार यार्डांवर .३०८ ची नेहमीची १७५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सुमारे आठ फूट सरकते, क्रीडमूरची १४० ग्रेनची सहा फूट. हा दोन फुटांचा फरक विकत घेण्यासारखा आहे. पण त्याच क्रीडमूरमध्ये आणखी १०० फूट प्रतिसेकंद वेग पिळून काढायचा, तर हाती लागतात चार-पाच इंच. वारा वाचताना माझी तेवढी चूक रोजच होते. म्हणून माझं मत: क्रीडमूर घ्या आणि तिला थोडी सुस्त चालू द्या.

रायफल हातात आली की पहिल्याच आठवड्यात तिची जन्मपत्रिका लिहा. क्रोनोग्राफवरचा (गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावरचा) वेग आणि गोळी रायफलिंगला टेकते ती लांबी, दोन्ही तारखेसह. पुढे दर तीनशे गोळ्यांनी पुन्हा मोजा. मी हे केलं नव्हतं. तेराशेच्या पुढे दोन-तीन गोळ्या उगाच बाहेर जायला लागल्या, तर मी स्कोपला शिव्या दिल्या, माउंट बदलले, श्वासावर काम केलं. शेवटी मित्राचा क्रोनोग्राफ लावला तेव्हा वेग सेकंदाला साठ फुटांनी उतरलेला निघाला. बोअरस्कोप, म्हणजे नळीच्या आत बघायचा कॅमेरा, घातला तर थ्रोटमध्ये आटलेल्या तळ्याच्या गाळासारख्या भेगा. अर्थात अशा भेगा तीन-चारशे गोळ्यांतही दिसू लागतात. तेवढ्यावरून नळी फेकू नका. चित्रापेक्षा कागदावर पडलेल्या गोळ्यांच्या गटावर विश्वास ठेवा.

सरावाचा वेगही ठरवून ठेवा. नळीवर तळहात पाच सेकंद ठेववत नसेल तर थांबा, चहा घ्या. तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस घालून वाऱ्याची वाट बघत बसू नका. पावडर तापते आणि गोळी वर जाते. साफसफाईला बोअर गाइड (रॉड सरळ ठेवणारी नळकांडी) आणि एकसंध रॉड घ्या, रॉड चेंबरकडून घाला. घाईने घासून नळ्या बिघडवणारे मी पुष्कळ पाहिलेत.

पैशांचा हिशेब मात्र लोक उलटा करतात. बसवून सात-आठशे डॉलरची नळी अडीच हजार गोळ्या चालली, तर गोळीमागे तीसेक सेंट पडतात. कारखान्याचं मॅच काडतूस दीड-दोन डॉलरचं आहे. म्हणजे महाग नळी नाहीच. महाग पडतं ते ऐन सीझनमध्ये तिने मान टाकणं. गनस्मिथकडे रांग असते, म्हणून पहिलीचं अर्धं आयुष्य सरलं की दुसरी सांगून ठेवा. ती आल्यावर लगेच मॅचला नेऊ नका. पहिल्या शंभर-दीडशे गोळ्यांत वेग बरेचदा चढतो, तो स्थिरावल्यावरच झिरो (स्कोपचा नेम) आणि लोड (पावडर-गोळीची जुळणी) पक्के करा. जुनी नळी विकायच्या भानगडीत पडू नका. शंभर यार्डांवर उभ्याने सराव करायला ती अजून वर्षभर चालते.