ट्रॅकचा सातबारा

माझा पहिला एक्सक्लुझिव्ह करार अकरा पानांचा होता आणि मी तो चहा निवायच्या आत सही करून परत पाठवला होता. लंडनच्या एका म्युझिक लायब्ररीने माझा ट्रॅक घेतला, एवढंच त्या वेळी डोक्यात होतं. खाली खर्जातला सिंथ, वर संबळ, अडीच मिनिटांचा तणावाचा तुकडा. गुन्हेगारीवरच्या माहितीपटात चोर गल्लीतून पळतो तेव्हा वाजतं ना, तसला. आईला फोन केला, पेढे वाटले. मग दीड वर्षाने तोच ट्रॅक एका मराठी वेबमालिकेच्या दिग्दर्शकाला हवा होता. तेव्हा पहिल्यांदा करार नीट वाचला. मुदत कायमची. प्रदेश ‘संपूर्ण विश्व’, म्हणजे चंद्र-मंगळासकट. माझाच ट्रॅक मला कोथरूडमध्ये वाजवायला देता येत नव्हता.

आमच्याकडे जमीन घेताना आधी सातबारा काढतात. वडील तर नाव बघायच्या आधी ‘इतर हक्क’ बघायचे. बँकेचा बोजा आहे का, कुळाचं नाव आहे का, बहिणीने हक्क सोडलाय का. त्यांचं म्हणणं असायचं की जमीन कुणाचीही असो, भांडण त्या रकान्यात असतं. ट्रॅकचंही अगदी तसंच आहे, आणि मी माणसं गमावून ते शिकलो.

नव्याने या क्षेत्रात येणाऱ्यांसाठी थोडं मुळापासून. टीव्ही, जाहिरात, माहितीपट, यूट्यूबवाले यांना तयार पार्श्वसंगीत लागतं. ते पुरवतात लायब्रऱ्या. त्यांच्याकडून ब्रीफ, म्हणजे कसलं संगीत हवं त्याची मागणी येते, किंवा आपण आपणहून ट्रॅकच्या लिंक पाठवतो. यालाच पिच करणं म्हणतात. ट्रॅक आवडला की करार येतो. नॉन-एक्सक्लुझिव्ह असेल तर तोच ट्रॅक तुम्ही इतरांनाही देऊ शकता. एक्सक्लुझिव्ह असेल तर तो फक्त त्यांचा, ठरलेल्या मुदतीसाठी किंवा कायमचा.

आता कुणी म्हणेल, मग नॉन-एक्सक्लुझिव्हच बरं की. मलाही तसंच वाटायचं. पण एकच ट्रॅक तीन लायब्रऱ्यांत तीन नावांनी ठेवला, की एडिटरच्या टेबलावर तो तीन ठिकाणांहून, तीन दरांनी पोचतो. पैसे कुणाला द्यायचे हा घोळ एडिटरला नको असतो. शिवाय यूट्यूबची कंटेंट आयडी ही यंत्रणा, जी व्हिडिओत कुणाचं संगीत आहे ते शोधून हक्कदाराच्या नावाने दावा लावते, ती आवाज ओळखते, नाव नाही. तिच्यासाठी तिन्ही ट्रॅक एकच. त्यामुळे बऱ्या पैशांची कामं देणाऱ्या बऱ्याच लायब्रऱ्या एक्सक्लुझिव्हच मागतात. त्याला घाबरायचं कारण नाही. आपण भाडेकरार करतोय की खरेदीखत, एवढं सहीच्या आधी कळायला हवं.

प्रत्येक ट्रॅकमध्ये दोन मालमत्ता असतात. एक संगीतरचना, दुसरी तिचं रेकॉर्डिंग म्हणजे मास्टर. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात रचनेचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो, ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनापासून ६० वर्षं. घरच्या खोलीत गाद्या लावून एकट्याने रेकॉर्ड केलं असेल तर दोन्ही तुमचेच, आणि लायब्ररीला तेच हवं असतं: एका सहीत सगळं मोकळं. पण ढोलकी कुणी वाजवली? आलाप कुणाचा?

माझ्या एका ट्रॅकवर ढोलकी वाजवणारे काका वीस वर्षांपासून ओळखीचे. वाजवून झालं, मी पाकीट दिलं, मिसळ खाल्ली, विषय संपला. आठ महिन्यांनी लायब्ररीने वादकाचं संमतिपत्र मागितलं. मी कागद घेऊन गेलो तर काका म्हणाले, “अरे, आपल्यात कागद कशाला?” मी समजावायला लागलो, तर त्यांचा चेहरा पडला. “म्हणजे पैसे परत मागायला आलास होय?” सही मिळाली, पण पुढचे दोन महिने फोनवर बोलणं तुटकच होतं. वाईट याचं वाटलं की त्यांचं काही चुकलं नव्हतं. २०१२च्या दुरुस्तीनंतर कायद्याने वादक-गायकालाही सादरीकरणाच्या व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा हक्क दिला आहे, आणि त्याबद्दल मी त्यांच्याशी एक शब्दही बोललो नव्हतो. आता मराठीत एका पानाचा कागद तयार असतो: कुठला ट्रॅक, किती पैसे, पुढे काही आलं तर वाटा किती. मिसळीच्या आधी सही, मग पाव.

लूप आणि सॅम्पल, म्हणजे दुसऱ्याने आधीच रेकॉर्ड केलेले तयार तुकडे, हाही तसाच बोजा. विकत घेतलेले रॉयल्टी-फ्री लूप वापरायला हरकत नसते, पण ते जगात हजार जणांनी वापरलेले असतात. मुख्य सुरावटच लूपची असेल तर ती ‘फक्त तुमची’ म्हणून लायब्ररीला कशी देणार? करारात एक हमीचं कलम असतं, की हे काम संपूर्ण माझं आहे आणि कुणी दावा केला तर नुकसान मी भरेन. ते कलम कुणी वाचत नाही. मी वाचायला लागलो तेव्हापासून सुरावट स्वतःच वाजवतो, पेटीवर का होईना.

आता माझी सगळ्यात महागडी चूक. एक ट्रॅक मी आधी डिस्ट्रिब्युटरमार्फत स्ट्रीमिंगवर टाकला होता आणि टाकताना कंटेंट आयडीच्या चौकोनात टिक केली होती. नंतर तोच ट्रॅक एक्सक्लुझिव्ह दिला. टिक विसरलो. लायब्ररीच्या गिऱ्हाइकाने रीतसर पैसे भरून तो जाहिरातीत वापरला, आणि यूट्यूबवर त्याच्याच व्हिडिओवर दावा लागला. माझ्या नावाने! तो काढायला मला नऊ दिवस लागले. लायब्ररीने शिव्या दिल्या नाहीत, फार सभ्य ईमेल आली. त्यानंतर माझा एकही ट्रॅक त्यांनी ऐकला नाही.

म्हणून आता ट्रॅक तयार झाला की एका शीटमध्ये त्याचा उतारा तयार करतो. नाव, लांबी, तारीख, कुणी वाजवलं, कागद आहे का, कुठे प्रकाशित, कंटेंट आयडी चालू की बंद, कुणाला पिच केला, कधी. शेवटचा रकाना ‘इतर हक्क’. त्यात काही लिहिलेलं असेल तर तो ट्रॅक एक्सक्लुझिव्ह पिचला जात नाही, कितीही चांगला असो.

एकच ट्रॅक एकाच वेळी दोन एक्सक्लुझिव्ह लायब्रऱ्यांना पाठवू नका. दोन्ही ‘हो’ म्हणाल्या तर एकीपासून तोंड लपवावं लागतं, आणि हे क्षेत्र वाटतं त्याहून लहान आहे. मी पिचमध्येच लिहितो की हा ट्रॅक अमुक तारखेपर्यंत तुमच्यासाठी राखून ठेवतो आहे, त्यानंतर पुढे पाठवेन. याने उत्तरं लवकर येतात असं मात्र नाही.

करार आला की मी आधी तीन गोष्टी शोधतो. बांधलेला कोण आहे, ट्रॅक की मी? काही करारांत संगीतकारच एक्सक्लुझिव्ह होतो, म्हणजे मुदतीत दुसरीकडे कामच करायचं नाही. पगारासारखे पैसे मिळणार नसतील तर त्यावर सही करण्यात अर्थ नाही. दुसरी गोष्ट मुदत, आणि ट्रॅक परत येण्याचं कलम, ज्याला रिव्हर्जन म्हणतात. मी तीन वर्षं मागतो. मोठ्या लायब्रऱ्या सरळ नाही म्हणतात, छोट्या पाचवर येतात. तिसरी गोष्ट नोटीस. मुदत संपली की ट्रॅक आपोआप परत येतो असं वाटतं, पण बहुतेक ठिकाणी आधी कळवावं लागतं, नाही तर करार आपसूक पुढे सरकतो. तारीख चुकली की आणखी एक मुदत गेली.

आपला कायदा संगीतकाराच्या बाजूने बराच आहे. हक्क हस्तांतर लेखी आणि सहीचं हवं. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरला नाही तर हस्तांतर संपतं, पण करारात वेगळं लिहिलं नसेल तरच. आणि करार लिहिणाऱ्यांना हे कलम पाठ असतं. २०१२च्या दुरुस्तीनुसार रॉयल्टीतला समान वाटा संगीतकाराला सोडूनही देता येत नाही. हे सगळं उत्तम. पण करारात न्यायक्षेत्र लंडन किंवा कॅलिफोर्नियाचं असेल, तर तिथे जाऊन हे कलम दाखवण्याइतके पैसे माझ्याकडे नाहीत. हे धरूनच मी वाचतो.

आयपीआरएस, म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, ही रचना वाजल्याची रॉयल्टी गोळा करून संगीतकारांना देणारी, १९६९पासूनची संस्था. सभासद होताना आपण सादरीकरणाचे हक्क संस्थेकडे सोपवतो. तेच हक्क पुन्हा लायब्ररीला लिहून देता येत नाहीत, म्हणून ‘संगीतकाराच्या सोसायटीच्या हक्कांना बाधा न येता’ असं एक वाक्य मी घालून घेतो. परदेशी लायब्रऱ्यांना यात नवीन काही नसतं. लेखकाचा, म्हणजे रचनाकाराचा, निम्मा वाटा सोसायटीकडून थेट संगीतकाराकडे जातो, प्रकाशकाचा त्यांच्याकडे, ही त्यांचीही रीत आहे. त्यांना फक्त तुमचा आयपीआय क्रमांक, म्हणजे सोसायट्यांमधला तुमचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, हवा असतो. तो पिचच्या ईमेलमध्येच द्या, कारण क्यू शीटवर, म्हणजे कार्यक्रमात वाजलेल्या संगीताच्या यादीत, नाव चुकलं तर वाजलेल्या ट्रॅकचे पैसेही येत नाहीत. नाव बरोबर असलं तरी परदेशातून यायला वर्ष सहज जातं.

अमेरिकेतली लायब्ररी असेल तर डब्ल्यू-८बेन हा तिथला कराचा फॉर्म भरा. न भरल्यास रॉयल्टीवर ३० टक्के कर कापला जातो, भरल्यास भारत-अमेरिका कर-करारानुसार १५. पुढचं तुमच्या सीएला विचारा, मी विचारतो.

कुठला ट्रॅक कुठे द्यायचा, हे शेवटी मनाशीच ठरतं. कॉर्पोरेट व्हिडिओचा टाळ्या-गिटारवाला तुकडा मी दोन तासांत करतो. तो कायमचा गेला तरी झोप लागते. पण गोंधळाच्या ठेक्यावर बांधलेली, महिनाभर घासलेली रचना खरेदीखतावर देणार नाही. पैसे चांगले असतील तर? एकदा दिली आहे. तेव्हा दुचाकीचे हप्ते होते.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. परत आलेला ट्रॅक कोरा नसतो. मुदतीत दिलेली लायसन्स पुढेही चालू राहतात. ज्या जाहिरातीत तो वाजला, तिथे वाजतच राहतो. पुढच्या लायब्ररीला हे आधी सांगावं लागतं. माझे चार ट्रॅक येत्या ऑगस्टमध्ये परत यायचे आहेत, नव्वद दिवसांची नोटीस मे महिन्यातच पाठवली. पोच आली आहे, तिची प्रत शीटला जोडली. एक ट्रॅक मुदतीत एका माहितीपटात गेलाय. त्याच्या ‘इतर हक्क’मध्ये तेवढी एक ओळ लिहून ठेवली.